स्वादुपिंडाच्या दाहातून बरे होताना : आहार आणि पथ्य

गंभीर दुखण्यातून उठलेला माणूस रुग्णालयातून घरी परतला, म्हणजे त्याच्या प्रकृतीची जबाबदारी घरच्या मंडळींकडे येते. स्वादुपिंडाच्या दाहाच्या बाबतीत ही जबाबदारी मुख्यतः स्वयंपाकघरावर पडते. रोग पोटाचा, दुखणे जेवणाशी निगडित आणि रुग्ण खंगलेला. त्यामुळे त्याला काय वाढावे व काय वाढू नये, हा प्रश्न दिवसातून अनेक वेळा उभा राहतो.

या प्रश्नाची दोन टोकाची उत्तरे आपल्या खेड्यापाड्यांत सर्रास आढळून येतात. गेलेली ताकद लवकर भरून यावी म्हणून कोणी रुग्णाला तुपाचा भात, डिंकाचे लाडू, नारळाचा दाट रस घातलेले पदार्थ आणि मटणाचा रस्सा आग्रहाने वाढतात. याउलट, दुखणे पुन्हा उलटेल या धास्तीने कोणी त्याला महिनोन्महिने निव्वळ पातळ पेजेवर ठेवतात. दोन्ही गोष्टी मायेपोटीच केल्या जातात. परंतु पहिलीमुळे सुजलेल्या ग्रंथीवर अकारण भार पडतो, तर दुसरीमुळे रुग्णाचे स्नायू झिजतात, जखमा भरून येण्यास विलंब लागतो आणि प्रतिकारशक्ती खालावते. स्वादुपिंडाला विश्रांती हवी असली, तरी शरीराला पोषण हवेच असते. या दोहोंचा मेळ घालणे हेच या रोगातील पथ्याचे सार होय. हा मेळ महागड्या डबाबंद पदार्थांवाचून, गोमंतकीय घरातील तांदूळ, नाचणी, मूग, मासळी आणि परसातील भाजीपाला यांच्या साहाय्याने साधता येतो.

स्वादुपिंडाचे कार्य

स्वादुपिंड ही जठराच्या मागे, पाठीच्या कण्यासमोर आडवी वसलेली सुमारे १५ सेंटिमीटर लांबीची ग्रंथी आहे. तिची कामे दोन. पहिले काम पचनाचे. ही ग्रंथी दररोज सुमारे एक ते दीड लिटर पाचकरस तयार करून एका नलिकेवाटे लहान आतड्याच्या आरंभीच्या भागात सोडते. या रसात निरनिराळी पाचक द्रव्ये असतात. त्यांपैकी एक भात-भाकरीतील पिष्टाचे, दुसरे तेल-तुपातील स्निग्धांशाचे आणि इतर काही डाळ, मासे, अंडी यांतील प्रथिनांचे विघटन करतात. जठरातील रस प्रथिनांच्या पचनास व तोंडातील लाळ पिष्टाच्या पचनास काही अंशी हातभार लावते. परंतु स्निग्ध पदार्थांच्या पचनाचा भार मात्र जवळजवळ सर्वस्वी स्वादुपिंडावर असतो. या रोगात तेला-तुपाविषयी विशेष दक्षता का घ्यावी लागते, याचे उत्तर येथेच मिळते.

दुसरे काम रक्तातील साखरेच्या नियमनाचे. जर्मन शास्त्रज्ञ पॉल लँगरहान्स यांनी १८६९ साली या ग्रंथीतील पेशींच्या लहान लहान बेटांचे वर्णन प्रथम केले. याच बेटांतून इन्सुलिन हे द्रव्य स्रवते. १९२१ साली कॅनडातील टोरांटो येथे बँटिंग आणि बेस्ट यांच्या प्रयत्नांनी इन्सुलिन वेगळे करण्यात यश आले आणि मधुमेहाच्या उपचारांत नवे युग सुरू झाले. स्वादुपिंडाच्या विकारानंतर काही रुग्णांना मधुमेह का जडतो, हे यावरून स्पष्ट व्हावे.

दाह कशाने होतो?

निरोगी अवस्थेत स्वादुपिंडातील प्रथिने पचविणारी द्रव्ये ग्रंथीत असेपर्यंत निष्क्रिय असतात; आतड्यात पोहोचल्यावरच ती कार्यक्षम होतात. काही कारणाने ती ग्रंथीतच कार्यक्षम झाली, म्हणजे अन्नाऐवजी ग्रंथीचेच पचन करू लागतात. यालाच स्वादुपिंडाचा तीव्र दाह म्हणतात. वरच्या पोटात एकाएकी उठणारी, पाठीपर्यंत जाणारी असह्य कळ, पुढे वाकून बसल्यास किंचित वाटणारा आराम, मळमळ आणि उलट्या ही त्याची प्रमुख लक्षणे होत. बहुसंख्य रुग्णांत हा दाह सौम्य असतो आणि योग्य उपचारांनी काही दिवसांत ओसरतो. काहींमध्ये मात्र तो उग्र रूप धारण करतो, इतर अवयवांनाही ग्रासतो आणि प्राणावर बेततो.

या दाहाची दोन कारणे सर्वांत अधिक आढळतात : पित्ताशयातील खडे आणि मद्यपान. पित्ताशयातून निसटलेला लहानसा खडा पित्तनलिकेच्या मुखाशी अडकला, की स्वादुपिंडाची वाटही तुंबते. कारण दोन्ही नलिका आतड्यात एकाच ठिकाणी उघडतात. याखेरीज रक्तातील ट्रायग्लिसराइड नावाच्या स्निग्ध घटकाचे प्रमाण १,००० मिलिग्रॅमच्या वर जाणे, रक्तातील कॅल्शियम वाढणे, काही औषधे, गालगुंड आणि पोटावर बसलेला जबर मार हीही कारणे असू शकतात. सायकलवरून पडताना हँडलचे टोक पोटात रुतल्याने लहान मुलांच्या स्वादुपिंडाला इजा झाल्याची उदाहरणे वैद्यकास परिचित आहेत. अशा अपघातानंतर मुलाचे पोट दुखू लागले किंवा त्याला उलट्या होऊ लागल्या, तर शिक्षकांनी व पालकांनी त्याकडे दुर्लक्ष न करता त्याला डॉक्टरांकडे न्यावे.

येथे एका गैरसमजाचे निराकरण करणे अगत्याचे आहे. स्वादुपिंडाचा रोगी म्हणजे मद्यपी, असा शिक्का समाजात सहज मारला जातो. वस्तुस्थिती तशी नाही. आयुष्यात दारूला स्पर्श न केलेल्या अनेक स्त्री-पुरुषांना पित्तखड्यांमुळे हा दाह होतो. आपल्या दक्षिणेस असलेल्या केरळ राज्यात तर मद्याशी संबंध नसलेल्या तरुणांमध्येही स्वादुपिंडाचा दीर्घकालीन विकार मोठ्या प्रमाणावर आढळला. त्यात ग्रंथीत खडे होतात व पुढे मधुमेह जडतो. इंडोनेशियात झुइडेमा यांनी १९५९ साली अशाच रुग्णांचे वर्णन केले होते; केरळात डॉ. गीवर्गीस यांनी या विकाराचा दीर्घकाळ अभ्यास केला. आरंभी टॅपिओकाच्या कंदावर आणि कुपोषणावर संशय घेतला गेला. पुढील संशोधनात तो टिकला नाही. उलट या शतकाच्या पहिल्या दशकात भारतीय संशोधकांना अशा अनेक रुग्णांमध्ये जन्मजात आनुवंशिक दोष आढळून आला. रुग्ण कृश असतात, परंतु ती कृशता बहुधा रोगाचे कारण नसून परिणाम असते, असे आता मानले जाते. तात्पर्य, रुग्णाला दोष न देता रोगाचे कारण शोधणे आणि त्याची झीज भरून काढणे हेच घरच्यांचे आणि समाजाचे कर्तव्य ठरते.

उपवासाविषयी बदललेला विचार

पूर्वी स्वादुपिंडाचा दाह झालेल्या रुग्णास अनेक दिवस तोंडाने पाणीसुद्धा देत नसत. अन्न पोटात गेले की ग्रंथी रस स्रवणार आणि दाह वाढणार, अशी त्यामागील विचारसरणी होती. घरोघरी आजही आढळणाऱ्या दीर्घ उपवासाच्या समजुतीचे मूळ बहुधा या जुन्या उपचारपद्धतीत असावे.

गेल्या काही दशकांतील अनुभवाने हा विचार मागे पडला आहे. आतड्यांना अन्न मिळाले नाही, तर त्यांचे आतील अस्तर दुबळे होते आणि आतड्यांतील जंतू रक्तात शिरण्याचा धोका वाढतो, असे दिसून आले. २०१८ साली अमेरिकेतील जठर व आतड्यांच्या विकारांच्या तज्ज्ञांच्या संघटनेने, रुग्णास सोसत असेल तर पहिल्या २४ तासांतच तोंडाने आहार सुरू करावा, अशी शिफारस केली. सौम्य दाहात केवळ पातळ पदार्थांनीच आरंभ केला पाहिजे असेही नाही. मऊ व कमी स्निग्धांशाचे अन्न बहुतेकांना तितकेच सोसते. तोंडाने घेणे अशक्यच असल्यास नळीवाटे अन्न दिले जाते. अर्थात, हा निर्णय रुग्णालयातील डॉक्टरांनी घ्यावयाचा असतो. घरच्यांनी त्यातून घ्यावयाचा बोध एवढाच, की दाह ओसरून घरी आलेल्या रुग्णाला उपाशी ठेवण्याने ग्रंथी लवकर बरी होत नाही.

दीर्घ उपवासाचा आणखी एक तोटा ध्यानात घेण्याजोगा आहे. वजन झपाट्याने घटले अथवा पित्ताशय फार काळ रिकामे झाले नाही, तर पित्तात खडे होण्याची प्रवृत्ती वाढते. ज्या खड्यांमुळे दाह झाला, त्यांनाच उपासमारीने खतपाणी मिळते. पित्तखड्यांमुळे सौम्य दाह झालेल्या रुग्णाचे पित्ताशय शक्यतो त्याच मुक्कामात शस्त्रक्रियेने काढावे, असा आजचा वैद्यकीय सल्ला आहे. नेदरलँड्समध्ये झालेल्या व २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने या सल्ल्यास पुष्टी दिली. पोट दुखावयाचे थांबले म्हणून सुचविलेली शस्त्रक्रिया पुढे ढकलू नये. पथ्याने खडे विरघळत नाहीत.

पहिले काही आठवडे

घरी आल्यानंतरच्या काळात एक नियम सर्वांत उपयुक्त ठरतो : एका वेळी थोडे आणि दिवसातून अनेक वेळा. दोन मोठ्या जेवणांऐवजी पाच किंवा सहा लहान जेवणे घ्यावीत. त्यामुळे ग्रंथीवर एकदम भार पडत नाही, पोट जड होत नाही आणि दिवसभरात एकूण अन्न पुरेसे पोटात जाते.

आरंभी उकड्या तांदळाची पेज, गुरगुट्या भात, मुगाच्या डाळीचे वरण, उकडून कुस्करलेला बटाटा, दुधी, भोपळा किंवा पडवळ यांची मऊ शिजवलेली भाजी, पिकलेले केळे व पपई असे पदार्थ द्यावेत. नुसत्या पेजेत पाणी फार व सत्त्व कमी असते, हे विसरू नये. पेज देताना तिच्यातील शितेही द्यावीत आणि सोबत वरण, मऊ शिजवलेले मूग अथवा अंड्याचा पांढरा भाग द्यावा. पेजेबरोबर तोंडी लावणे म्हणून तेलात मुरलेले लोणचे न देता चिमूटभर मीठ अथवा लिंबू द्यावे.

हे सोसू लागल्यावर नाचणीची आंबील, तांदळाची भाकरी, कमी तेलाचे पोळे, इडली, साय काढलेल्या दुधाचे दही व ताक, आणि नंतर मासळी असा क्रम ठेवावा. नाचणीत कॅल्शियम भरपूर असते व स्निग्धांश अत्यल्प. त्यामुळे या रुग्णांना ती विशेष मानवते. नवीन पदार्थ एका वेळी एकच सुरू करावा. त्यानंतर पोट दुखले किंवा मळमळले, तर तो काही दिवस थांबवून मागील पायरीवर यावे; मात्र सर्वच अन्न बंद करू नये.

नमुन्यादाखल एका दिवसाचा आहार पुढीलप्रमाणे आखता येईल. सकाळी सातच्या सुमारास नाचणीची आंबील किंवा इडली आणि बिनसायीचे दूध घातलेला चहा. दहा वाजता शितांसह पेज आणि शिजवलेले मूग. दुपारी एक वाजता मऊ भात, वरण, एक भाजी आणि उकडलेल्या किंवा कमी तेलात शिजवलेल्या मासळीचा तुकडा. चार वाजता केळे किंवा पपई आणि पातळ ताक. सायंकाळी साडेसातला भाकरी अथवा भात, दुधीची भाजी आणि अंड्याचा पांढरा भाग. झोपण्यापूर्वी साय काढलेले पेलाभर दूध. मधुमेह असलेल्यांनी फळे, गूळ व भात यांचे प्रमाण डॉक्टरांच्या सल्ल्याने ठरवावे. दिवसभर थोडे थोडे पाणी पीत राहावे. शहाळ्याच्या पाण्यात स्निग्धांश जवळजवळ नसतो. मूत्रपिंडाचा विकार नसलेल्यांनी ते घेण्यास हरकत नाही.

नारळ, तेल आणि तूप

गोमंतकीय स्वयंपाकातील खरी अडचण नारळाची. हुमण, तोणाक, खतखते, सोलकढी यांपैकी कोणताच पदार्थ नारळावाचून पूर्ण होत नाही. परंतु ओल्या खोबऱ्याच्या वजनाचा सुमारे तिसरा भाग स्निग्धांशाचा असतो. सुके खोबरे तर त्याहून कितीतरी अधिक तेलकट. खोबरेल तेल घरचे व शुद्ध असले, तरी तेही तेलच. त्याचा चमचा हिशेबात धरलाच पाहिजे. काजूगराच्या वजनातही जवळजवळ निम्मा भाग स्निग्धांशाचा असतो. शेंगदाण्याचे तसेच.

तीव्र दाहानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत दिवसभरातील एकूण स्निग्धांश साधारणतः ३० ते ५० ग्रॅमच्या मर्यादेत ठेवण्याचा सल्ला दिला जातो. चहाच्या एका चमचाभर तेलात सुमारे ५ ग्रॅम स्निग्धांश असतो. दूध, मासळी, धान्ये यांतील अदृश्य स्निग्धांश जमेस धरता, रुग्णाच्या वाट्याला स्वयंपाकाचे तेल दिवसाकाठी दोन ते तीन चमच्यांहून अधिक येऊ नये. तेल चमच्याने मोजून घालावे. बाटलीतून अंदाजाने ओतू नये.

याकरिता घरात दोन चुली मांडण्याची आवश्यकता नाही. आमटी किंवा भाजी शिजली, की नारळाचे वाटप आणि फोडणी घालण्यापूर्वी रुग्णाचा वाटा वेगळा काढून ठेवावा. त्यात हळद, धणे, जिरे, आले, कोकम, कोथिंबीर घालून चव आणावी. नारळाच्या रसाच्या सोलकढीऐवजी नारळाविना केलेली फुटी कढी द्यावी. मासे तळण्याऐवजी हळदीच्या किंवा केळीच्या पानात गुंडाळून वाफवावेत. दूध तापवून थंड करावे आणि त्यावरची साय पूर्णपणे काढावी. म्हशीच्या दुधात स्निग्धांश गाईच्या दुधाहून बराच अधिक असतो. पिशवीबंद दूध घेतल्यास डबल टोन्ड घ्यावे, कारण त्यात तो केवळ दीड टक्का असतो. थोडासा फरक केलेले हेच अन्न घरातील इतरांच्याही हिताचे ठरते. रुग्णालाही आपण पंगतीतून वगळलेलो नाही, असे वाटते. त्या समाधानाचा भूक वाढण्यास मोठाच हातभार लागतो.

प्रथिनांची निकड

आजारात झिजलेले स्नायू भरून काढण्यास प्रथिने लागतात. पूर्णपणे शाकाहारी आणि मत्स्याहारी अशा दोन्ही प्रकारच्या घरांत ती मिळू शकतात. मुगाच्या डाळीत १०० ग्रॅममागे सुमारे २४ ग्रॅम प्रथिने असून स्निग्धांश नाममात्र असतो. मूग, मसूर, तूर, बिनसायीचे दूध, ताक, दही आणि त्याच दुधाचे घरी केलेले पनीर हे शाकाहारी कुटुंबांचे आधार होत. चवळी, वाटाणे, हरभरे यांनी पोटात वायू धरत असल्यास ते उशिरा सुरू करावेत व भिजवून, मोड आणून, पूर्ण शिजवून द्यावेत.

मासळीपैकी मुडदुशे, लेप यांसारखे हलके मासे व कोळंबी यांत स्निग्धांश कमी असतो. बांगडा व तारली हे मासे इतरांस अतिशय पौष्टिक असले, तरी हंगामात बरेच तेलकट असतात. म्हणून ते काही आठवडे थांबून, थोड्या प्रमाणात आणि न तळता घ्यावेत. अंड्याचा स्निग्धांश सर्वस्वी पिवळ्या बलकात असतो. पांढरा भाग आरंभापासून देता येतो. कोंबडीचे कातडे व चरबी काढून टाकावी. डुकराचे चरबीयुक्त मांस, चोरीस, मटणाची चरबी, काळीज-भेजा हे पदार्थ या काळात वर्ज्य समजावेत.

मद्य आणि तंबाखू : येथे सवलत नाही

तेल, तूप, नारळ यांच्या बाबतीत प्रमाणाचा विचार करता येतो. मद्याच्या बाबतीत तसा विचार करता येत नाही. दाहाचे कारण मद्य असो वा नसो, एकदा स्वादुपिंडाचा दाह होऊन गेलेल्या माणसाने मद्य पूर्णतः वर्ज्य करणेच इष्ट होय. पहिल्या दाहानंतर सुमारे पाचांपैकी एका रुग्णास तो पुन्हा होतो. आणि पुनःपुन्हा होणारा दाह पुढे कायमच्या विकारात परिणत होण्याचा संभव वाढतो. मद्यपान सुरू ठेवणाऱ्यांत हा धोका विशेष असतो.

गोमंतकात या सूचनेला निराळे महत्त्व आहे. येथील काजूच्या फेणीला २००९ साली भौगोलिक निर्देशांकाची मान्यता मिळाली. तिच्या उत्पादनावर अनेकांचा चरितार्थ चालतो आणि ती येथील परंपरेचा भाग आहे, यात शंका नाही. परंतु तिचा औषध म्हणून होणारा उपयोग या रुग्णांस घातक ठरू शकतो. सर्दी झाली, पोट दुखले, अंग मोडून आले, की चमचाभर फेणी घेण्याची पद्धत कित्येक घरांत आहे. स्वादुपिंडाच्या रुग्णाचे पोट दुखू लागल्यास त्याला फेणी देणे म्हणजे आगीत तेल ओतणे होय. हुर्राक सौम्य, बियर निरुपद्रवी आणि माडाची सूर शीतल, हे युक्तिवादही फोल आहेत. मद्यार्क सर्वांत एकच असतो.

अनेक वर्षे रोज पिणाऱ्याने मद्य एकाएकी सोडल्यास हातपाय कापणे, झटके येणे, भ्रम होणे असे गंभीर परिणाम उद्भवू शकतात. म्हणून मद्य सोडणेही डॉक्टरांच्या देखरेखीखाली व्हावे. बांबोळी येथील मानसोपचार व मानवी वर्तन संस्थेत यासंबंधी उपचार मिळतात. १४४४६ या राष्ट्रीय व्यसनमुक्ती दूरध्वनी सेवेवरही विनामूल्य मार्गदर्शन घेता येते. व्यसन हा रोग आहे आणि त्यावर उपचार आहेत, ही जाणीव कुटुंबाने बाळगली, तर रुग्ण लपवालपवी न करता मदत घेण्यास प्रवृत्त होतो.

सिगारेट व विडी यांचा उल्लेख अनेकदा राहून जातो. धूम्रपान हे मद्याशिवाय स्वतंत्रपणेही स्वादुपिंडाच्या विकारास कारणीभूत होते. मद्य सोडून विडी चालू ठेवणे म्हणजे अर्धेच पथ्य पाळणे होय.

विकार दीर्घकालीन झाल्यास

काही रुग्णांत ग्रंथीचा बराच भाग कायमचा निकामी होतो व पाचकरस अपुरा पडू लागतो. अशा वेळी शौचास फिकट, तेलकट, दुर्गंधीयुक्त व पाण्यावर तरंगणारे होते आणि पोटभर जेवूनही वजन घटत जाते. खाल्लेले अन्न अंगी लागत नाही, असे घरची माणसे म्हणतात. ते अक्षरशः खरे असते. स्निग्धांशाबरोबर अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वेही वाया जातात व कालांतराने हाडे ठिसूळ होतात.

या अवस्थेत स्निग्ध पदार्थ आणखी कमी करत जाणे हा उपाय नव्हे. २०२० साली युरोपातील वैद्यकीय पोषणतज्ज्ञांच्या संस्थेने प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शनानुसार, अशा रुग्णांनी पाच-सहा लहान जेवणांतून प्रथिने व उष्मांक भरपूर असलेला आहार घ्यावा. स्निग्धांशावर कडक बंधन घालण्याची गरज सर्वसाधारणतः नसते. मात्र त्यासाठी अपुऱ्या पडणाऱ्या पाचक द्रव्यांच्या कॅप्सूल डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्याव्या लागतात. त्या जेवणापूर्वी फार आधी किंवा जेवण झाल्यावर न घेता जेवणासोबतच घ्यावयाच्या असतात; अन्न आणि औषध आतड्यात एकत्र पोहोचले, तरच त्यांचा उपयोग होतो. त्या चावू नयेत. या औषधातील द्रव्ये डुकराच्या स्वादुपिंडापासून तयार केलेली असतात. धार्मिक कारणाने कोणास त्याविषयी शंका असल्यास, औषध गुपचूप बंद न करता डॉक्टरांशी व आपल्या धर्मातील जाणकारांशी मोकळेपणाने बोलावे. फार कोंड्याचे पदार्थही या अवस्थेत बेताने खावेत.

रक्तातील साखर वेळोवेळी तपासून घ्यावी. स्वादुपिंडाच्या विकारातून मधुमेह झालेल्या व इन्सुलिन घेणाऱ्या रुग्णाने जेवण चुकविल्यास साखर एकदम खाली जाऊन शुद्ध हरपण्याचा धोका असतो. एकादशी, श्रावणी सोमवार, रमजानचे रोजे किंवा लेंटमधील उपवास करण्यापूर्वी अशा रुग्णांनी वैद्यकीय सल्ला अवश्य घ्यावा. ट्रायग्लिसराइड वाढल्याने ज्यांना दाह झाला, त्यांनी तेला-तुपाबरोबरच साखर व गोड पेये यांवरही कायमचे नियंत्रण ठेवावे आणि दिलेली औषधे सोडू नयेत.

समाजाचा हातभार

पथ्य पाळणे ही एकट्या रुग्णाची कसोटी होऊ नये. कार्यालयांत व कारखान्यांत कामावर रुजू झालेल्या अशा कर्मचाऱ्यास दोन-तीन तासांनी थोडे खाण्याची मोकळीक वरिष्ठांनी द्यावी. चवथीच्या नेवऱ्या, नाताळची पक्वान्ने, लग्नाचे जेवण यांचा आग्रह यजमानांनी करू नये; तळलेल्या नेवरीपेक्षा हळदीच्या पानात उकडलेल्या पातोळीचा एखादा तुकडा देऊन सणाचा आनंद साजरा करता येतो. मित्रमंडळींनी ‘एका पेल्याने काय होते’ असे म्हणणे तर सर्वथैव टाळावे. त्या एका पेल्याची किंमत एखाद्या कुटुंबास कर्ता माणूस गमावून मोजावी लागते.

वरच्या पोटात पुन्हा तीव्र कळ येणे, उलट्या न थांबणे, ताप येणे, डोळे पिवळे होणे, लघवी गडद होणे, पोट फुगणे किंवा श्वास लागणे यांपैकी कोणतेही लक्षण दिसल्यास घरगुती उपाय करीत बसू नये. १०८ क्रमांकावरून रुग्णवाहिका बोलावून रुग्णास तत्काळ रुग्णालयात हलवावे. काहीच त्रास नसला, तरीही पंधरा दिवसांतून एकदा वजन करून ते लिहून ठेवावे. सतत घटणारे वजन ही आहार अपुरा पडत असल्याची अथवा पचत नसल्याची पहिली सूचना असते, आणि जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात ती वेळीच दाखविल्यास पुढचे अनर्थ टळू शकतात.

स्वादुपिंडाच्या दाहातून उठलेले असंख्य लोक पुन्हा शेतात, होडीवर, वर्गात व कचेरीत आपापली कामे पूर्ववत करीत आहेत. वेळेवर थोडे थोडे सकस अन्न, मोजके तेल, मद्य व तंबाखूला कायमचा निरोप आणि रोगाच्या मूळ कारणावर पुरेसे उपचार, एवढी शिस्त त्यासाठी आवश्यक असते. घरातील प्रत्येकाने ती समजून घेतल्यास रुग्णास ती शिक्षा न वाटता आधार वाटेल.